‘हा माणूस मूळचाच असा का?’

आमचे हे १९९९ च्या ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे कारगिल युद्धात, द्रासला होते. पेन्शनवर आल्यावर आम्ही दिघीला घर घेतलं. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की खिडक्या बंद, आणि कुणी मागून हाक मारली तरी अंगावर धावून जायचे. एका खाजगी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार, लिहून दिलं. म्हणजे खोट स्वभावातच! त्या दिवसापासून ह्यांनी गोळ्या सोडल्या.

पुढे ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून रेफरल घेऊन एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मी नेलेली फाइलींची पिशवी त्यांनी बाजूला ठेवली. विचारलं, “भरती व्हायच्या आधी हे कसे होते, कोण सांगेल?” व्यक्तिमत्त्व विकाराच्या खुणा साधारण किशोरवयात नाहीतर ऐन तारुण्यात दिसायला लागतात. युद्धानंतर माणूस पालटला असेल तर आधी आघाताकडे बघायचं.

सासूबाईंना गावी फोन लावला. “लई गुणाचं पोर. भांडान लागलं की सोडवाया ह्योच मधी पडायचा.” शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ होतंच, पण ते सगळ्यांच्याच असतं. बाईंनी सासूबाईंचंच सविस्तर लिहून घेतलं.

मग पीसीएल-५, आघातानंतरचा त्रास मोजायची प्रश्नावली. वीस प्रश्न, महिन्याभरातला त्रास शून्य ते चार. ह्यांनी वरपासून खालपर्यंत शून्याला गोल केले. फौजी माणूस, ‘काही तक्रार?’ म्हटलं की ‘नाही साहेब’. पुढच्या खेपेला बाईंनी तोंडी विचारलं, तेही मला समोर बसवून. झोपेचा प्रश्न आला तशी मी बोलले, “पलंगावर नाही झोपत. दाराशी, भिंतीला पाठ लावून बसतात.” हे खाली बघत म्हणाले, “तीन लिहा.”

निदान आलं कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजाराचा गुंतागुंतीचा प्रकार. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी. तिच्या जुन्या आवृत्तीत, आयसीडी-१० मध्ये, भीषण अनुभवानंतर टिकून राहिलेल्या स्वभावबदलाचं वेगळं निदान होतं, दोन वर्षं तरी टिकलेला हवा. आयसीडी-११ मध्ये त्याच्या जागी हे आलं. हा आजार आणि व्यक्तिमत्त्व विकार, दोन्ही एकत्र असू शकतात, हेही बाईंनी लपवलं नाही.

समुपदेशनाला हे कुरकुरत का होईना, जातात. अपंगत्व पेन्शनचं मात्र लोंबकळतंय. तिथेही प्रश्न तोच. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असं धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटलंय. वकिलांनी भरतीवेळचे मेडिकल कागद मागितलेत. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेलाय.