एसटीची पाटी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोबाईलच्या दुकानात मी काउंटरला आहे, आता नववं वर्ष. गिऱ्हाईक टॅब घेऊन परत आलं की आधी पोटात गोळा येतो. त्या सोमवारी कागलचे एक निवृत्त गुरुजी आणि काकू आले. चार दिवसांपूर्वी मीच त्यांना अकरा इंची टॅब दिला होता.

घेताना गुरुजींनी अगदी साफ सांगितलं होतं. सकाळी पेपर वाचायचा, दुपारी हिच्या मालिका, रात्री एखादा सिनेमा. घरी वायफाय नाही, म्हणून सिमवाला हवा. मुलाने फोनवर ‘रॅम बघा’ एवढंच बजावलेलं. आठ इंचीवर पेपरचं पान सारखं मोठं करावं लागतं, म्हणून अकरा इंची काढला. तो भरतो अर्धा किलो, हातात धरून सिनेमा होत नाही, म्हणून उभं राहणारं कव्हर घ्यायला लावलं. ४ जीबी रॅम, फुल एचडी स्क्रीन. यूट्यूबवर एक कीर्तन लावून दाखवलं, चित्र अगदी लख्ख. दोघंही खूश होऊन गेले.

आणि आता गुरुजी म्हणत होते, “सिनेमा धूसर दिसतोय रे.”

मी सवयीने बोलून गेलो, “गावात रेंज कमी असेल, गुरुजी.”

त्यांनी काही न बोलता पिशवीतून आपला फोन काढला आणि टॅबशेजारी ठेवला. दोन्हींना दुकानाचंच वायफाय जोडायला लावलं. वर्षाचे पैसे भरून घेतलेल्या ॲपवर दोन्हीकडे एकच मराठी सिनेमा लावला आणि एकाच जागी थांबवला. फाट्यावर लाल एसटी उभी होती. सहा इंची फोनवर बसच्या पाटीवरचं गावाचं नाव बारीक दिसत होतं, पण वाचता येत होतं. अकरा इंची टॅबवर त्या जागी नुसता पांढरट डाग.

“माणसांची तोंडंसुद्धा पुसल्यासारखी दिसत्यात,” काकू म्हणाल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक तंत्रज्ञ मित्र आहे, त्याला फोन लावला. त्याने ‘डीआरएम इन्फो’ नावाचं फुकटचं ॲप टाकायला सांगितलं. उघडून खाली सरकवलं. वाइडवाइन, सिक्युरिटी लेव्हल : एल ३.

मग सगळं उलगडलं. सिनेमा दाखवणाऱ्या कंपन्या चोरी होऊ नये म्हणून चित्र कुलूप लावून पाठवतात. अँड्रॉइडवर ते कुलूप गूगलच्या वाइडवाइनचं. एल १ असेल तर ते चिपच्या आतल्या सुरक्षित कप्प्यात उघडतं. एल ३ मध्ये ते नुसत्या सॉफ्टवेअरवर उघडतं, म्हणून बहुतेक ॲप अशा टॅबला एचडी देतच नाहीत, ठिपक्यांच्या साधारण ४८० ओळींचं चित्र देतात. स्क्रीन १२०० ओळींचा असला तरी काय उपयोग? यूट्यूबच्या साध्या व्हिडिओला हे कुलूप नसतं. म्हणून माझं कीर्तन लख्ख दिसलं होतं. नऊ वर्षं मी प्रत्येक टॅब यूट्यूब लावूनच दाखवत आलो होतो, आणि हा दोष तिथे कधी दिसणारच नव्हता.

बॉक्स चारही बाजूंनी वाचला. रॅम होती, बॅटरी होती, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल होते. एल ३ कुठेच नाही. याचा मला अजूनही राग येतो. टॅबला कॅमेरा किती माणसं वापरतात? सिनेमा बघायला मात्र सगळे घेतात, आणि नेमकी तीच गोष्ट छापायची नाही!

मालक म्हणाले, सील फोडलेला नग परत घेता येत नाही. दुकानाचा नियम तसाच आहे आणि एरवी मीही तोच सांगतो. पण त्या दिवशी मी अडून बसलो. गुरुजींनी सिनेमा बघायचाय असं तोंडाने सांगितलं होतं, त्यांची काही चूक नव्हती. अर्ध्या तासाने मालक तयार झाले. जुना टॅब काउंटरवर डेमोला ठेवायचा आणि वरचे साडेतीन हजार देऊन गुरुजींनी दुसरा घ्यायचा. ते साडेतीन हजार त्यांच्या पेन्शनमधून गेले, ते मला आजही बरं वाटत नाही.

या वेळी उलट्या क्रमाने गेलो. काउंटरवर चालू असलेले डेमोचे तीन टॅब घेतले, आधी ‘डीआरएम इन्फो’ उघडलं. दोन एल १ निघाले. त्यातल्या एकाचा आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. गुरुजींना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तोच ठरवला. नवा नग फोडला, त्यांचं ॲप टाकलं, तोच सिनेमा, तोच फाटा.

काकूंनी चष्मा वर सरकवला, काचेला बोट लावलं आणि मोठ्याने वाचलं, “राधानगरी.”