तुम्ही विचारलंत म्हणून: नवा कोऑर्डिनेटर चांगला की नाही हे मॅच आधीच कसं कळतं?

आम्ही आयोवाचे फॅन्स, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाच्या हॉकाइज या अमेरिकन फुटबॉल टीमचे. दर वेळी भारतातून फोन आला किंवा इथे नवीन मराठी स्टुडंट्स आले की कोणीतरी विचारतंच, एक कोच बदलला तर तुम्ही महिनाभर काय बोलत बसता, आणि एकही मॅच झालेली नसताना तो चांगला की वाईट हे ठरवता तरी कसं? तर ठरवता येतं, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी, आणि मी काय बघते ते एकदा नीटच लिहिते.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आपल्याकडे बॉल असताना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि प्रत्येक प्रयत्नाला कुठला प्ले खेळायचा हे सांगणारा माणूस म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्स म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणारी बाजू, डिफेन्स म्हणजे त्यांना अडवणारी). दोन प्लेजच्या मधे ४० सेकंदांचं घड्याळ. २०२४ पासून कॉलेजमध्येही तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे प्रत्येक प्ले सुरू करून बॉल पास करणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये थेट बोलू शकतो, पण घड्याळ १५ वर आलं की आवाज बंद. त्यामुळे मैदानावर जे दिसतं त्यातलं खूप काही या एका माणसाच्या डोक्यातून आलेलं असतं. आणि आयोवा राज्यात मोठ्या लीगची एकही प्रो टीम नाही, ना फुटबॉलची ना बेसबॉलची ना बास्केटबॉलची, त्यामुळे शनिवारी किनिक स्टेडियममध्ये ६९ हजार लोक जमतात ते याच कॉलेजच्या खेळाडूंसाठी. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून शेजारच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या खिडक्यांमधल्या पेशंट मुलांना हात हलवतं, ते एकदा बघा म्हणजे आम्ही एवढं मनाला का लावून घेतो ते कळेल.

आता २०२३ चं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा कोऑर्डिनेटर होता ब्रायन फेरेन्झ, हेड कोच कर्क फेरेन्झचाच मुलगा, म्हणून कागदोपत्री तो वडिलांना नाही तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुखाला, रिपोर्ट करायचा. २०२२ मध्ये टीमचा अ‍ॅव्हरेज स्कोअर १७.७ होता म्हणून त्याचा पगार ५० हजार डॉलरनी कमी केला आणि नवीन काँट्रॅक्टमध्ये अट घातली की मॅचला सरासरी २५ पॉइंट्स आणि किमान ७ विजय पाहिजेत. मला ती अट तेव्हाही पटली नव्हती, कारण त्या २५ मध्ये डिफेन्सने केलेले पॉइंट्सही धरले जाणार होते, मग ऑफेन्सचं नेमकं काय मोजलं? झालं काय, तर २०२३ मध्ये सरासरी १५.४ वर आली, ऑफेन्सने काढलेल्या यार्ड्समध्ये आम्ही देशात शेवटचे, आणि ऑक्टोबरच्या शेवटी जाहीर झालं की हा त्याचा शेवटचा सीझन. तरी त्या वर्षी आम्ही १० मॅच जिंकलो! डिफेन्सचा कोऑर्डिनेटर फिल पार्कर याचा डिफेन्स आणि टोरी टेलर नावाचा मेलबर्नहून आलेला पंटर (पुढे सरकता आलं नाही की लाथ मारून बॉल लांब पाठवणारा), या जोरावर. टेलरने लाथ मारून बॉल जितका लांब पाठवला त्याची बेरीज ४,४७९ यार्ड, ८५ वर्षांचा रेकॉर्ड मोडला त्याने, आणि आमच्या अख्ख्या ऑफेन्सचे यार्ड्स त्याहून हजारभर कमी. मग आमच्या लीगच्या, म्हणजे बिग टेनच्या, फायनलला मिशिगनकडून २६-० आणि सीझननंतरच्या खास मॅचला, म्हणजे बोल गेमला, टेनेसीकडून ३५-० हरलो. डिफेन्सची पोरं दर आठवड्याला जीव तोडून खेळत होती आणि त्यांना साथ नव्हती, हे बघवत नव्हतं.

जानेवारी २०२४ च्या शेवटी टिम लेस्टर आला. लोक म्हणाले हा कोण? वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीचा हेड कोच होता, ३७-३२ रेकॉर्ड, तिथून काढलेला, मग एक वर्ष ग्रीन बे पॅकर्स या प्रो टीममध्ये अ‍ॅनालिस्ट. मोठं नाव हवं होतं सगळ्यांना. पण मी नाव बघत नाही आणि आधीच्या टीमचा स्कोअर तर अजिबात नाही, कारण तो स्कोअर तिथल्या खेळाडूंचा असतो. मी बघते की हेड कोचला जे खेळायचंय आणि याला जे येतं ते जुळतं का. कर्क फेरेन्झ १९९९ पासून आहे, तो रनिंग गेम, म्हणजे पास न करता बॉल हातात घेऊन पळण्याचा खेळ, सोडणार नाही, म्हणजे त्याच रनला नवं रूप देणारा माणूस लागणार होता. पॅकर्समध्ये लेस्टर नेमकं तेच बघून आला होता, लाइन, म्हणजे समोर उभे राहून वाट मोकळी करणारे खेळाडू, एका बाजूला सरकते, रनर जागा शोधतो, आणि बॉल हलायच्या आधीच एखादा खेळाडू इकडून तिकडे पळवून डिफेन्सला विचारात पाडायचं. आमच्या लाइनला तशा प्लेची सवय आधीपासून होती. म्हणून मला तो पहिल्या दिवसापासून योग्य वाटला आणि मी ते सगळ्यांना सांगतही होते.

२०२४ मध्ये स्कोअर १५.४ वरून २७.७ वर गेला. केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड पळून २१ टचडाउन केले (टचडाउन म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं). विस्कॉन्सिनला ४२-१० हरवलं त्या दिवशी आम्ही ३२९ यार्ड नुसते पळून काढले, पुढे काय येतंय ते समोरच्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही. पासिंग मात्र तेव्हाही देशात तळालाच होतं, आणि आयोवा स्टेटकडून २०-१९ आणि यूसीएलएकडून २०-१७ हे पराभव मला अजून टोचतात, दोन्हीत शेवटी एखादा चांगला पास हवा होता.

आणि एक गोष्ट मी स्कोअरपेक्षाही जास्त मानते. सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही साउथ डकोटा स्टेटला ७-३ हरवलं होतं, आमचे ७ पॉइंट्स म्हणजे एक फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून, ३ पॉइंट्स) आणि दोन सेफ्टी (समोरच्यांना त्यांच्याच टोकाच्या पट्ट्यात अडवणं, २ पॉइंट्स), म्हणजे त्यातले ४ डिफेन्सने काढलेले, टचडाउन एकही नाही. त्या दिवशी समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक होता मार्क ग्रोनोव्स्की. आमचा ऑफेन्स किती अडकलेला आहे हे त्याने साइडलाइनवर उभं राहून बघितलं होतं. नंतर त्याने साउथ डकोटा स्टेटला दोन वेळा एफसीएस, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या पातळीचं, चॅम्पियन केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी तो लेस्टरकडे आला, आयोवात. पुढच्या वेळी कोऑर्डिनेटर बदलला तर मी आधी हेच बघणार, की कुठला क्वार्टरबॅक आपणहून त्याच्याकडे येतोय.