केटरर कोण होता?

धाकट्या बहिणीच्या लग्नाला गावी येऊन गेलेली माणसं भेटली की हमखास विचारतात, "जेवण कुणाला दिलं होतंत? नंबर द्या ना." ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, ठाण्याच्या सोसायटीतले काका विचारतात, नवऱ्या मुलाचे मामा तर व्याह्यांच्या हक्कानं विचारतात. "कुणालाच नाही, वाडीनं केलं," असं मी सांगते, आणि समोरच्याला वाटतं, ही नंबर लपवतेय. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच सांगते.

आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत. वाडीत तीसेक घरं, त्यातली निम्मी गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद. लग्नाचं पहिलं आमंत्रण ग्रामदेवाला, रवळनाथाला. पानाचा विडा, नारळ, गाऱ्हाणं. त्याच संध्याकाळी घरटी एक माणूस आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जमतो, चहा होतो आणि कामं वाटली जातात. कागद-पेन कुणी काढत नाही. मांडव कुणी घालायचा, लाकडं कुणी फोडायची, भाताच्या टोपावर कोण, वाढायला कोण, हे बहुतेक ठरलेलंच असतं. फक्त गेल्या लग्नानंतर कोण म्हातारं झालं, कोण वारलं, तेवढा बदल करायचा.

त्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाण्यावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. वैशाखात विहिरीचा तळ दिसायला लागतो. सहाशे पानं जेवायची म्हणजे स्वयंपाक, हात धुणं, भांडी घासणं, सगळ्याला पाणी. टाक्या कुठून आणायच्या, टँकर चढणीवर चढेल का, यावर बाबा आणि वाडीतले मोठे लोक रात्री उशिरापर्यंत बोलत बसले होते.

आणि मग पाऊसच आला. २०२५ सालचा मे आठवत असेल तुम्हाला. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून त्या वर्षी २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला, आणि त्याच्याआधीही काही दिवस पाऊस कोसळतच होता. आमचं लग्न नेमकं त्यात. माडाच्या झापांचा मांडव उन्हासाठी घातलेला, पावसाला तो काय पुरणार! वर ताडपत्र्या चढल्या. अंगणात जांभ्याचे चिरे मांडून केलेल्या चुली विझल्या, त्या उचलून गोठ्यात नेल्या. गुरं शेजाऱ्यांच्या पडवीत गेली. फोडून ठेवलेली लाकडं ओली झाली, तेव्हा घराघरांतून नारळाची सोडणं आणि करवंट्या आल्या, कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या न्हाणीघरामागची. पैसे देऊन सांगितलेला आचारी असता तर त्यानं अशा वेळी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित त्यानंही निभावलं असतं. पण गुरं शेजाऱ्यांच्या पडवीत हलवा, असं तो कुणाला सांगणार होता?

भांडी वाडीच्या मंडळाची. मुंबईतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून घेतलेली, काही कुणाकुणाच्या स्मरणार्थ दिलेली. भाताच्या टोपावर माझ्या आजोबांचं नाव कोरलेलं आहे. वाटाण्याच्या टोपावरचं नाव ज्यांचं, त्यांच्याशी आमच्या आजोबांचा बांधावरून जन्मभर वाद होता. दोन्ही टोप शेजारी शेजारी चढले.

जेवणात काय होतं, हेही विचारता म्हणून सांगते. वरण-भात, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, कैरीचं लोणचं, शेवयांची खीर, सोलकढी. पनीर नव्हतं. मुंबईच्या एका चुलतभावानं सुचवून पाहिलं, तर काकी म्हणाली, "तुमचा ता पनीर-बिनीर मुंबैक. हय वाटाणेच." भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपामुळे ते सांबारं दिसायलाही चवीलाही मटणाच्या रश्श्याच्या जवळ जातं. नवऱ्या मुलाकडची मंडळी सांगलीची. त्यांच्यातल्या एक आत्याबाई पानावर बसल्या, वास घेतला आणि हळूच मला म्हणाल्या, "अगं, लग्नाच्या पंगतीला हे कसं काय?" वाटाणा बोटानं चेपून दाखवला तेव्हा जेवल्या. मग परत मागून घेतलं.

ही काकी म्हणजे माझी चुलती. तुम्हाला कुणाचा तरी नंबर हवाच असेल तर तो हिचा, पण ती फोन उचलत नाही. वाटाणे किती भिजवायचे, वड्याच्या पिठात तांदळाला उडीद किती, मेथी किती, आंबवण गरमीत किती वाजता घालायचं, हे तिच्या डोक्यात आहे. सोलकढीसाठी नारळाचं दूध आधी काढून ठेवू म्हटलं तर तिनं मला गोठ्याबाहेर काढलं. मे महिन्यात ते दूध नासतं. पंगत बसायच्या बेतात असताना रस काढायचा, मग त्यात आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घालायचं. मीठ दुसऱ्या कुणी घालायचं नाही. "मीठ मी बघतंय," एवढंच.

तरी नाव होतं पुरुषांचं. टोप उतरवणं, भात निवळणं, मोठ्या झाऱ्यानं ढवळणं हे दिसणारं काम, ते पुरुष करतात, आणि पाहुणे त्यांच्याकडे बघून "वा, काय आचारी आहेत" म्हणतात. शंभरावर नारळ खवणाऱ्या, रात्रभर कांदा चिरणाऱ्या, केळीच्या पानावर वडे थापणाऱ्या बायका आत असतात. मलाही हे आधी कधी खटकलं नव्हतं. त्यांच्यात बसून नारळ खवले तेव्हा खटकलं.

हळदीची गोष्ट राहिली. काकी विधवा आहे. आमच्याकडे हळद सवाष्णी लावतात आणि काकी त्या वेळी कुठेतरी कामात असते, इतकी हुशारीनं की तिला कुणी टाळलं असं वाटूही नये. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर चर्चा झाली होती. चर्चेपुढे काही गेलं नव्हतं. या वेळी बहिणीनं पाटावर बसून हाक मारली, "काकी, तू येईपर्यंत मी थांबलेय." आतून आवाज आला, "माझे हात पिठाचे आसत गो." "धुऊन ये." दोनचार जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. एका आजीनं तोंड फिरवलं, ते मी पाहिलं. काकी आली, हळद लावली, बहिणीच्या गालाला थोडं पीठही लागलं, आणि लगेच परत गेली. तेल तापलं होतं.

लग्न लागताना पाऊस एवढा की मंगलाष्टकं पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आली. लाह्या घालायला आणि कानपिळीला भाऊ लागतो. आम्हाला सख्खा भाऊ नाही, आणि चुलतभाऊ गोठ्यात वडे तळत होता. भटजी थांबले, पोरं धावली, तो टॉवेलला हात पुसत आला. कान पिळला तो तेलकट हातानंच. जावईबापूंनी पाकीट दिलं आणि रुमालानं कान पुसत राहिले. व्हिडिओत ते छान आलंय.

पंगती तीन घरांच्या पडव्यांत बसल्या, कारण अंगणात चिखल. वाढपी पोरं डोक्यावर इरली घेऊन या घरातून त्या घरात. भात गरम पोचला, वडे जरा वातड झाले.

आता खर्चाचं. "मग स्वस्त पडलं असेल," असं पुढचं वाक्य असतंच. फार नाही. कणकवलीच्या बाजारातून आलेला माल तर विकतचाच होता, शिवाय राबणाऱ्या माणसांचा तीन दिवसांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण. उरलेला हिशेब पैशात होत नाही. आमच्याकडे जे जे राबले त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला आम्ही जायचं, आणि पाकीट घेऊन नव्हे, हात घेऊन जायचं. आईबाबा गेली चाळीस वर्षं हे करत आलेत, म्हणून आमच्या खळ्यात त्या संध्याकाळी माणसं जमली. मी इतकी वर्षं मुंबईहून लग्नाच्या आदल्या रात्री उतरायचे, साडी नेसून जेवायचे आणि परतीची गाडी पकडायचे. ते माझ्या खात्यावर कुणी लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून नंबर नाही. तुम्हाला मोठ्या कार्याला आचारी हवा असेल तर कणकवलीत, कुडाळात चांगले मिळतील, चौकशी करा. येत्या हंगामात आमच्या वाडीत त्या बांधावरच्या वादातल्या घरी लग्न आहे. काकीचा निरोप आलाय, "चार दिवस आधी ये, नारळ खवूक माणसा कमी पडतली." रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी मला कुणी फोन करू नका.