चेक बाऊंस झाला अन् आबाजी खुश

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी बँकेत काउंटरवर बसते. कापसाच्या सीझनमध्ये बाऊंस हा शब्द दिवसभर कानावर पडतो, कोणाचा चेक बाऊंस, कोणाचा ट्रॅक्टरचा हप्ता बाऊंस, आणि बँकेच्या मागं टेनिस बॉल खेळणाऱ्या पोट्ट्यांचं अलगच, "पिचवर बाऊंसच नाई बे आज".

त्या दिवशी सकाळीच एक आबाजी नातवाला घेऊन आले. थैलीतून प्लास्टिकची पन्नी, त्यात घडी घातलेला चेक आणि त्याला टाचलेला रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याचा बँकेचा कागद, कारण फंड्स इनसफिशियंट, खात्यात पुरेसे पैसे नाहीत. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्यानं घरून कापूस उचलला आणि नगद द्यायच्या जागी चेक टेकवला. "थो म्हणे आठ दिवस थांबा आबाजी, मी थांबलो, मंग म्हणे अजून थांबा." नातवानं बिलावरच्या पत्त्यावर मेल केला तर तोही बाऊंस. कापसाचा पैसा नाही म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता बाऊंस, त्याचा दंड यांनाच, आणि चेक परत आल्याचे चार्जेससुद्धा यांच्याच खात्यातून कटलेले! हे मला आजवर पटलं नाही, पण नियम आहे.

मी मेमोची तारीख पाहिली अन् डोक्याला हात लावला. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला नोटीस द्यावी लागते, कलम 138 साठी, म्हणजे चेक बाऊंसच्या केससाठी. ते दिवस या थांबा-थांबातच गेले. व्यापारी पक्का असतो, त्याला हे बरोबर ठाऊक असतं.

मग चेकवरची तारीख पाहिली. चेक तीन महिने चालतो, त्याला अजून थोडे दिवस होते. आमचे मॅनेजर म्हणाले, परत टाका. पहिल्यांदा नोटीस दिली नाही तरी दुसऱ्यांदा परत आला की केस करता येते, सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये तसं सांगितलंय.

"अन् आता पास झाला तं?" नातू.

"तं चांगलंच हाये ना बे," आबाजी.

ऑक्टोबर 2025 पासून चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो, त्यामुळं दोघं तिथंच बसले, चहा झाला, आबाजी बाकावर डुलक्या घेऊ लागले. संध्याकाळी स्क्रीनवर पुन्हा तेच, फंड्स इनसफिशियंट. मी हळूच सांगितलं तर आबाजी खुदकन हसले, "झाला ना बाऊंस? द्या मंग थो कागद!" चेक परत आला म्हणून खुश झालेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी तालुक्याला वकिलाकडं गेले. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाही तर केस, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड. नोटीस पोचली तसा व्यापारी स्वतः घरी आला, अर्धे पैसे दिले, बाकीच्याचा नवीन चेक फाडत होता. आबाजी म्हणे, "चेक राहू दे बापू, नगद आण."