छर्रे, ग्रीस आणि खारा वारा

गिरगावातलं आमचं दुकान मुळात सायकलींचं. मे महिन्यात बाबा तासावर सायकली द्यायचे. अनामत म्हणून कुणी घड्याळ ठेवायचं, कुणी नुसतंच आजोबांचं नाव सांगायचं. मी गल्ल्यावर बसायला लागलो तोवर सायकल मागणारी पोरं संपली होती. म्हणून एका बंद पडलेल्या स्केटिंग रिंककडून वापरलेल्या इनलाइन स्केट्सचे, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सचे 12 जोड उचलले आणि ट्यूबच्या खिळ्यांवर टांगले. बाबा म्हणाले, "पायात घालायची सायकल, एवढंच ना?"

एवढंच नव्हतं. रिंकची चाकं कडक. मरीन ड्राइव्हवर चार फेऱ्या मारल्या की तळवे झिणझिणायचे. ती बदलून मऊ चाकं घातली. पण खरा खड्डा बेअरिंगांनी, म्हणजे चाकाच्या आतल्या छर्ऱ्यांच्या कड्यांनी पाडला. एका जोडात 8 चाकं, प्रत्येकात दोन बेअरिंगं, म्हणजे 12 जोडांची 192. बेअरिंग आकाराने रुपयाच्या नाण्याएवढं, आतले छर्रे ज्वारीच्या दाण्याएवढे. खारा वारा आणि चौपाटीची रेती, दोन्ही त्यात शिरतात. पहिल्या पावसाळ्यानंतर निम्मी जाम. मी ती धुऊन मशिनचं पातळ तेल सोडायचो, चाक कसं भिंगरीसारखं फिरायचं. बाबांनी निमूटपणे सहा जोडांत सायकलीचं ग्रीस भरलं. चाकं जड झाली, मी चिडलो. पुढल्या वर्षी तेच सहा जोड धड होते. शिवाय नवशिक्याला चाक जड असलेलंच बरं. तो पडतो कमी. आजही भाड्याच्या जोडांत ग्रीसच जातं, तेल फक्त शर्यतवाल्यांना.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही शटर उघडतच नाही. गिऱ्हाइकांना घेऊन सहाला नरिमन पॉइंटला जमतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी इमारतींची सावली आपल्या बाजूला पडते, ऊन उशिरा गाठतं. चौपाटीपर्यंत जेमतेम साडेतीन किलोमीटर. आम्ही त्याला दोन तास लावतो. कुणी कठड्यावर टेकतं, कुणी समोरच्या गोलाईच्या गॅलऱ्या मोजतं. 2018 मध्ये या इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीच ऐकत नाही. रेती लागायच्या आधी वळायचं, हा एकच नियम. एकदा माझ्याच हातून षटकोनी पान्हा कठड्याखालच्या टेट्रापॉडच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या फटीत गेला, तो समुद्रालाच लखलाभ.

दहाला घरी. आमरस-पुरी, मग पंख्याखाली आडवं. संध्याकाळी पुन्हा निघतो, पण तेव्हा गर्दी इतकी की स्केट्स गळ्यात अडकवून चालतच सात वाजून गेल्यावरचा सूर्यास्त बघायचा.

2020 मध्ये सगळंच थांबलं, जोड माळ्यावर गेले. 2022 च्या मार्चअखेर मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली, त्यात नरिमन पॉइंटचाही एक रस्ता होता. पहिल्या रविवारी आमचे सगळे जोड गेले आणि दोन आई-बाबा रांगेत भांडले.

आता 40 जोड आहेत. भाड्यापेक्षा दुरुस्तीत जास्त सुटतं. गेल्या आठवड्यात एकजण कोस्टल रोडच्या नव्या पदपथावर फिरून आला, बेअरिंगं कुरकुरत होती. बाबांनी चष्मा न लावताच ओळखलं, "तेल घातलं होतंस ना?"