ट्रान्सप्लांटनंतरचा कन्सीलर: शेड मुळांवरून ठरवा

हेअर कन्सीलर, म्हणजे विरळ केसांतून दिसणारी त्वचा झाकणारी रंगीत पावडर, लोशन किंवा धाग्यांचे कण, घेताना बहुतेक जण कपाळावरची बट शेड कार्डाशेजारी धरतात आणि रंग जुळला की डबी घेऊन मोकळे होतात. डोक्यावर लावल्यावर मात्र तोच रंग तांबूस किंवा मातकट दिसतो. केसांची टोकं उन्हाने, शाम्पूने, जुन्या डायने फिकी पडलेली असतात आणि कन्सीलर बसतो मुळाशी, त्वचेला लागून. तिथला केस टोकापेक्षा एक-दोन छटांनी गडद असतो. म्हणून भांग पाडायचा, दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं राहायचं आणि त्वचेपासून पहिल्या सेंटीमीटरभरातला केस बघायचा. शेड त्याच्याशी जुळवायची.

केसांचं ट्रान्सप्लांट झालेल्या डोक्याला एवढंही पुरत नाही. तिथे तीन तऱ्हेचे केस एकत्र नांदत असतात. मागच्या भागातून आणून लावलेले, जाड आणि बहुधा गडद. आधीपासूनचे, वर्षागणिक बारीक होत गेलेले, म्हणून फिकट दिसणारे. आणि लावलेल्यांपैकीच नुकते उगवलेले, लव म्हणावी इतके मऊ. या तिघांचं प्रमाण दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. त्यामुळे चौथ्या महिन्यात चपखल बसलेली शेड दहाव्या महिन्यात फिकी वाटते, आणि दोष डबीला दिला जातो.

वेळेचं गणित आधी लक्षात घ्या. लावलेले ग्राफ्ट, म्हणजे मागून मुळासकट काढून रोवलेले केसांचे पुंजके, साधारण दहा दिवसांत पक्के धरतात, खपल्या ७ ते १४ दिवसांत पडून जातात. त्यानंतर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. मूळ आत शाबूत असतं, फक्त वरचा केस जातो. आजूबाजूचे जुने केसही काही वेळा या धक्क्याने तात्पुरते गळतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी होतं त्याहून डोकं विरळ दिसतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात, सहाव्या महिन्यात बरा फरक पडतो, पुढचा भाग वर्षभरात भरतो आणि भोवऱ्याला १५ ते १८ महिनेही लागतात. पहिला महिना डबी उघडूच नये, या मताचे आम्ही आहोत. सर्जनने त्याहून पुढची तारीख सांगितली असेल तर ती पाळा. एक जरी खपली शिल्लक असेल, कुठे ओल असेल, पुवाची पुटकुळी असेल, तर त्या जागी काहीही लावू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस त्वचा भेदून वर येताना पुटकुळ्या येणं नेहमीचं आहे. त्या दिवसांत तेवढी जागा वगळून लावा.

केसगळतीच्या त्या आठवड्यांत फायबर उपयोगी पडत नाही. फायबर म्हणजे केराटिनचे किंवा कापसासारख्या वनस्पतिजन्य धाग्याचे अगदी बारीक तुकडे. ते स्थिर विजेच्या भाराने असलेल्या केसाला चिकटतात आणि केस जाड दाखवतात. चिकटायला केसच नसेल तर ते त्वचेवर धुळीसारखे पडून राहतात आणि मान हलवली की कपाळावर, कॉलरवर उतरतात. गळती चालू असताना दाबून भरलेली रंगीत पावडर किंवा स्पंजने लावायचं रंगीत लोशन घ्या. दोन्ही थेट त्वचेला रंग देतात. केस सेंटीमीटरभर वाढले की फायबरकडे वळा. पुढे दोन्ही एकत्र वापरता येतात, खाली पावडरीचा पातळ हात, वर फायबर. कमी मालात सर्वांत नैसर्गिक परिणाम यातूनच मिळतो.

आता मुख्य मुद्दा. विरळपणा डोळ्याला जाणवतो तो केस आणि त्वचा यांच्या रंगांतल्या तफावतीमुळे. मागच्या भागात निसर्गतः दर चौरस सेंटीमीटरला साधारण ६५ ते ८५ केसपुंज असतात. एका बैठकीत पुढे लावले जातात ते ३० ते ४५. म्हणजे उत्तम झालेल्या ट्रान्सप्लांटमध्येही दाटी मूळच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि डोक्यावर थेट दिवा आला की त्वचा चमकते. कन्सीलरने तेवढी चमक मारायची असते. हे ध्यानात आलं की काळ्याकुट्ट शेडचा मोह सुटतो. केसांच्या फटींतून दिसणारी जमीन केसांइतकीच काळी केली तर खोलीच उरत नाही, आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं.

केस काळे म्हणून काळी शेड, हा हिशेबही दर वेळी बरोबर येत नाही. काळे म्हणतो ते केस पुष्कळदा गडद तपकिरी असतात. एकच केस पांढऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरा, कडेला तपकिरी झाक दिसली की कळतं. अशा विरळ केसांवर निखळ काळा फायबर निळसर, निर्जीव दिसतो. तिथे गडद तपकिरी घ्या, किंवा तीन भाग गडद तपकिरीत एक भाग काळा मिसळा. मिश्रण मोठ्या डबीत कधीच करू नका. छोट्या रिकाम्या डबीत चमचाभर करून आठवडाभर वापरा आणि मग प्रमाण पक्कं करा.

भागाप्रमाणे शेड बदलणं ही चैन वाटेल, पण ट्रान्सप्लांटनंतर ती गरजच आहे. पुढच्या रेषेवर मुळांच्या रंगापेक्षा अर्धी-एक छटा फिकी शेड वापरा, कारण तिथे सर्जनने मुद्दाम एकेका केसाचे ग्राफ्ट लावलेले असतात आणि ती रेषा विरळच दिसायला हवी. अगदी पुढचा अर्धा सेंटीमीटर मोकळा सोडा. तिथे पडलेला प्रत्येक कण समोरच्याला दिसतो. मधल्या भागात मुळांच्या रंगाचीच शेड. भोवऱ्यावर दोन शेडमध्ये अडकलात तर गडद घ्या, कारण तिथे केस चहूबाजूंना वळतात, त्वचा उघडी पडते आणि दिव्याचा उजेड वरून थेट येतो. मागचा भाग अगदी बारीक कापलेला असेल तर एफयूईचे (एकेक केसपुंज सुटा काढण्याच्या पद्धतीचे) पांढुरके ठिपके दिसतात. त्यावर फायबर टिकत नाही. पावडर बारीक ब्रशने टिपून लावा, आणि शेड कापलेल्या केसांच्या खुंटांशी जुळवा. खुंट आणि त्वचा मिळून जो करडा-तपकिरी रंग दुरून दिसतो तो लांब केसांच्या रंगापेक्षा फिका असतो.

त्वचेवर अजून लाली असेल तर आणखी एक काळजी घ्या. लावलेल्या जागेची लाली काही आठवडे, गोऱ्या त्वचेवर काही महिनेही राहते. तिच्यावर तांबूस किंवा सोनेरी झाक असलेली तपकिरी शेड घातली की सगळी जागा वीटकरी दिसते. राखाडीकडे झुकणारी, थंड झाकेची तपकिरी शेड लाली दाबते.

पिकलेल्या केसांत लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. डोक्यावर तिसऱ्या हिश्शाइतके केस पांढरे असतील तर राखाडी डबी लागतच नाही. गडद केसांच्या मुळांशी जुळणारी शेड त्वचेवर सावली धरते आणि पांढरे केस वर आपले आपण दिसतात. निम्मे-निम्मे असतील तर आधी गडद शेडचा पातळ थर, मग वर राखाडी शेडचा हलका शिडकावा. हा क्रम उलटा केला तर गडद कण वर राहतात आणि डोक्यावर काजळी पडल्यासारखं दिसतं. बहुतेक केस पांढरे असतील तर मध्यम राखाडी वापरा. शुभ्र पांढरा फायबर त्वचेवर कोंड्यासारखा दिसतो. मागचे आणि पुढचे केस सारख्या वेगाने पिकत नाहीत, तेव्हा लावलेल्या केसांचं मिश्रण शेजारच्या जुन्या केसांपेक्षा वेगळं निघू शकतं. प्रमाण लावलेल्या पट्ट्याकडे बघून ठरवा.

डबी घेण्याआधी नमुना मिळाला तर एक सोपी परीक्षा करा. पांढऱ्या टिश्यू पेपरवर चिमूटभर फायबर टाका, बोटाने पसरा आणि वर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. पाच मिनिटांनी कणांभोवती बघा. कागद पांढराच राहिला तर रंग पक्का. कडेने गुलाबी, जांभळट किंवा हिरवट वर्तुळ उमटलं तर घाम आल्यावर तोच रंग कपाळावर उतरणार. अशी डबी शेड कितीही जुळली तरी नको. याच परीक्षेत दुसरी गोष्ट कळते, ती म्हणजे ओला फायबर कोरड्यापेक्षा गडद दिसतो. डोक्याचं तेल आणि घाम दिवसभरात हेच करतात. सकाळी तंतोतंत जुळलेली शेड दुपारी गडद वाटते. त्वचा तेलकट असेल तर मुळातच अर्धी छटा फिकी धरा.

रंग एकाच उजेडात बघून ठरवू नका. दिवसाचा उजेड, पांढरा दिवा, पिवळा दिवा आणि मोबाइलचा फ्लॅश, या चारही प्रकाशांत मागून-वरून फोटो काढा. काही शेड दिवसा बिनचूक आणि पिवळ्या दिव्यात लालसर दिसतात. त्वचा चुरचुरते का हे बघायला आधी कानामागे थोडं लावून २४ ते ४८ तास थांबा.

लावताना केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसांत गुठळ्या होतात, जेल किंवा मेण लावलेल्या केसांवर फायबर ठिकठिकाणी चिकटून बसतो. मिनॉक्सिडिल (केसवाढीसाठी डोक्याला लावायचं औषध) वापरत असाल तर ते रात्री लावा आणि कन्सीलर सकाळी. द्रवरूप मिनॉक्सिडिलमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल बराच वेळ चिकट राहतं, फेसाचा प्रकार लवकर सुकतो. केस विंचरून रोजच्या वळणात बसवा, मग डबी डोक्यापासून पाच ते आठ सेंटीमीटर वर धरून बोटाने टिचक्या मारा. एका वेळच्या वापराला साधारण ०.३ ते ०.५ ग्रॅम फायबर पुरतो. तेवढ्याने भागत नसेल तर केस फार कमी आहेत, आणि खाली पावडर हवी. तळव्याने हलके थापटा, घासू नका, घासलं की फायबर केसावरून त्वचेवर उतरतो. पुढच्या रेषेशी बारीक दातांची कंगवी कपाळावर आडवी धरून तिच्यामागे टिपा. शेवटी फायबर धरून ठेवणारा स्प्रे, २० ते ३० सेंटीमीटरवरून. त्याहून जवळून मारला तर हवेच्या झोताने कण उडतात आणि थेंबाथेंबाचे डाग पडतात.

रात्री डोकं धुऊनच झोपा. कोमट पाणी आधी नुसतं ओतून वरचा थर वाहून जाऊ द्या, मग सौम्य शाम्पू बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. लोशन वापरलं असेल तर दोनदा. तपासणीला जाताना डोकं स्वच्छ हवं, कारण कन्सीलरखाली सर्जनला ना लाली दिसते ना नवी वाढ.

महिन्यातून एकदा, धुतलेल्या कोरड्या केसांचा, त्याच खिडकीशी, त्याच कोनातून, काहीही न लावता फोटो काढा. चौथ्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचे फोटो शेजारी ठेवले की मुळं किती गडद झाली ते दिसतं, आणि शेड तेव्हा बदलायची. वर्षानंतर पुढच्या भागातलं कन्सीलरचं प्रमाण निम्म्यावर आणून बघा. बहुतेकांना तिथे डबीची गरज संपलेली असते आणि फक्त भोवऱ्यापुरती गडद शेड उरते.