तुम्ही विचारलंत म्हणून: कॉफी मशीनच्या आत काय बघायचं असतं?

‘बटण दाबलं की कॉफी येते, मग आत काय चालतं ते कशाला हवं?’ सांगलीत, विश्रामबागेत आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि तेही बहुतेकदा ह्यांच्याकडे बघून. मशीन माझं, पैसे माझे. उत्तरही माझ्याकडूनच घ्या.

खोक्यावर १५ बार छापलेलं असतं. बार म्हणजे दाब मोजायचं माप. ती पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोला, म्हणजे पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेल्या कडक कॉफीला, साधारण ९ लागतात. चांगल्या मशीनमध्ये जादाचा दाब एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह परत टाकीकडे सोडतो. १९४८ च्या गाज्जिया या इटालियन कंपनीच्या यंत्रात दांडा ओढून दाबलेली स्प्रिंग हा जोर लावायची. १९६१ मध्ये फाएमा या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या ई६१ मशीनने ते काम पंपाकडे दिलं.

आता मुद्द्याचं. एका सकाळी पंप घरघरला, कपात थेंब नाही. सर्व्हिसवाल्याला फोन लावला. ‘मॅडम, पंप गेलाय, मशीन पुण्याला पाठवा.’ मी सांगितलं, वाफेची नळी उघडून पंप चालू केला तर नळीतून पाणी धो धो येतंय. म्हणजे पंप धडधाकट आहे. पाणी बॉयलरपर्यंत पोचतंय, पुढे कॉफीपर्यंत येत नाही. वाटेत सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारा व्हॉल्व्ह आहे, तो अडकला असणार. पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘सरांना देता का जरा फोन?’

ह्यांनी फोन घेतला आणि ‘बरं, पाठवतो’ म्हणाले. माझ्यादेखत. तो राग अजून गेलेला नाही, ह्यांच्यावरचाही.

मशीन पाठवलं नाही. प्लग काढून रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी व्हॉल्व्ह उघडला. कॉइल खेचते तो बोटाच्या पेराएवढा दट्ट्या पांढऱ्या क्षाराने जागीच धरला होता. टोकाच्या रबरावर चुन्याची कणी. बोअरचं पाणी, दुसरं काय! गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवून धुतला, बसवला, बटण दाबलं. टक् आवाज झाला आणि पाणी आलं.

पूर्वी मीच म्हणायचे, फ्रिज कसा चालतो हे न कळता आपण तो वापरतोच की. ते आजही मला धड खोडता येत नाही. पण फ्रिज माझ्याकडून काही करून घेत नाही. इथे १८ ग्रॅम पूड मी दळते, मी दाबते, २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी म्हणून मी थांबते. आंबट लागली तर दळण जाडं राहिलं की पाणी पुरतं तापलं नव्हतं, हे मशीन सांगत नाही. मग कुणाला विचारू? त्या फोनवाल्याला?

सगळ्यांनी स्क्रूड्रायव्हर घ्यावा असं मी म्हणत नाही. कदाचित मला नुसतं ‘सरांना द्या’ पुन्हा ऐकायचं नसेल. तसं असेल तर असू दे.

आणि ‘कुठलं मशीन घेऊ?’ विचाराल, तर मी आधी तुमच्याकडे पाणी बोअरचं की नळाचं हेच विचारणार. लोक वैतागतात. वैतागोत.